शरदांतील हातकाम आणि मनाची उसंत

आश्विन महिना उजाडला म्हणजे पुण्यामुंबईकडे अलीकडे एक उपदेश वारंवार कानीं पडूं लागतो. कामाच्या धकाधकीनें ज्यांच्या मनावर ताण पडला आहे अशा मोठ्या माणसांनीं या दिवसांत संध्याकाळीं घटकाभर हातानें कांहीं तरी करावें. पणत्या रंगवाव्या, आकाशकंदील बांधावा, कापडाचे तुकडे जोडावे, कागद घडवावा. म्हणजे चित्तास स्वस्थता येते, असा तो उपदेश आहे. त्यासाठीं वर्ग निघतात, साहित्याच्या पेट्या विकत मिळतात, आणि सुशिक्षित कुटुंबांतील माणसें पैसे भरून तेथें जाऊन बसतात. उपदेश वाईट आहे असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. परंतु ही युक्ति जणूं कालपरवां परदेशांतून येऊन उतरली अशा थाटानें ती सांगितली जाते, तेव्हां आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासाकडे एकवार वळून पाहावेंसें वाटतें. शरद् ऋतु आणि हातकाम यांची सांगड आपल्याकडे किती जुनी आहे, त्या कामानें कोणाच्या मनास उसंत मिळत असे, आणि कोणाच्या मनास ती मिळत नसे, हे तीन प्रश्न आम्ही जुन्नर व आंबेगांव या दोन तालुक्यांपुरते येथें विचारांत घेणार आहों. तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. पण तोच आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो.

हे दोन तालुके पुणें जिल्ह्याच्या उत्तरेस एकमेकांस लागून आहेत. पश्चिमेस सह्याद्रीचा कडा. तेथून कुकडी, पुष्पावती, मीना व घोड या नद्या पूर्वेकडे वाहत जातात. कड्यालगत पाऊस अतोनात, म्हणून तेथें भात पिकतो. पूर्वेकडे पाऊस बेताचा, तेथें बाजरी होते. चार महिने आभाळ, चिखल व ओल सोसल्यानंतर आश्विनांत ऊन खडखडीत पडतें आणि घरांतील प्रत्येक वस्तु अंगणांत येऊं पाहते. शहरांतील माणसास वाटतें कीं हा शेतकऱ्याच्या विश्रांतीचा काळ असावा. वस्तुस्थिति याच्या उलट आहे. बाजरी कापणीस येते, तिच्यामागून भात येतो, आणि तेवढ्यांत रब्बीच्या पेरणीची घाई सुरू होते. तेव्हां या ऋतूंतील घरगुती हातकाम हें रिकामपणाचें काम नव्हे; तें दोन कष्टांच्या मध्यें काढलेल्या घटकेचें काम आहे. ही गोष्ट ध्यानांत ठेवून पुढील हकीकत वाचावी.

जुन्नर हें नगर फार जुनें. सातवाहनांच्या काळीं कोंकणांतील बंदरांचा माल नाणेघाट चढून येथें येई. घाटांतील लेण्यांत राणी नागनिकेचा प्रसिद्ध लेख आहे, आणि जकातीचा म्हणून दाखविण्यांत येणारा दगडी रांजण घाटमाथ्यावर अजून उभा आहे. जुन्नरच्या सभोंवतालीं लेण्याद्रि, तुळजा, मानमोडी व शिवनेरी या डोंगरांत मिळून दोनशेंहून अधिक खोदकामें आहेत. तेथील दानलेखांत यवनांचीं नांवें आढळतात, शकाचें आढळतें, आणि आमच्या विषयास विशेष उपयोगी अशा कारागिरांच्या श्रेणीहि आढळतात. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनें सात खोल्यांचें लेणें व पाण्याचें टांकें दान दिलें, असें एक लेख सांगतो. दुसऱ्या एका लेखांत वंसकारांची, म्हणजे कळकाचें काम करणाऱ्यांची, आणि कासकारांची, म्हणजे कांशाचीं भांडीं घडविणाऱ्यांची, अशा दोन श्रेणींपाशीं द्रव्य गुंतवून ठेवल्याचा उल्लेख आहे. अशा ठेवीच्या उत्पन्नांतून धर्मकार्याचा खर्च नियमानें चालावा, अशी त्या काळची पद्धति होती. आज टोपल्या-सुपें विणणाऱ्याशीं आपण दाराबाहेर उभें राहून दोन रुपयांसाठीं घासाघीस करतों. त्याच्या संघाची पत सुमारें अठराशें वर्षांपूर्वीं या नगरांत एवढी होती कीं, दान देणारा आपलें द्रव्य त्याच्या हवालीं करून निश्चिंत होत असे.

कळकाचें हें काम ऋतूस धरून चालणारें आहे. पावसाळ्यांत शेतांत वांकून काम करणाऱ्याच्या पाठीवर इरलें हवें. पीक घरांत यावयाचें झालें कीं कणग्या, टोपल्या व सुपें हवीं. म्हणजे सुगीच्या तोंडावर बुरुडाच्या घरीं कामाची गर्दी. त्याच सुमारास दिवाळी येते, आणि गृहस्थाच्या घरींहि कळकाचें काम निघतें. कळक चिरून कामट्या काढावयाच्या, त्या सुतळीनें बांधून सांगाडा उभा करावयाचा, आणि त्यावर रंगीत कागद चिकटवून आकाशकंदील तयार करावयाचा. दिवसभर कचेरींत किंवा दुकानांत हिशेब करून थकलेला गृहस्थ रात्रीं मुलांना जवळ घेऊन कामट्या तासावयास बसला म्हणजे त्याच्या कपाळावरील आठ्या हळूहळू नाहींशा होत, हें आमच्या वाचकांपैकीं अनेकांनीं लहानपणीं पाहिलें असेल. कामटी वेडीवांकडी तासली गेली तरी त्यास कोणी रागावत नसे. बुरुडाच्या टोपलीचा कांठ मात्र वांकडा झाला तर ती बाजारांतून परत येई. कळक एकच, सुरीहि तीच; पण एकाच्या हातांत तो विरंगुळा होता व दुसऱ्याच्या हातांत पोटाचें साधन होता.

हाच भेद जुन्नरच्या कागदाच्या इतिहासांत अधिक स्पष्ट दिसतो. कागद करण्याची विद्या मूळची चीन देशांतील. ती मध्य आशियांतून मुसलमानी अमदानींत आपल्याकडे आली, आणि कागद हा शब्दहि तिच्याबरोबर फारसींतून आला. दक्षिणेंत ज्या गांवांनीं या धंद्यांत नांव मिळविलें, त्यांत दौलताबादेच्या जोडीनें जुन्नरचें नांव घेतलें जातें. पुण्यांतहि कसबा पेठेच्या बाजूस कागदीपुरा वसला, त्याचें नांव अद्याप टिकून आहे. धंदा करणारे कागदी बहुतेक मुसलमान. त्यांच्या हातचा ताव मराठेशाहीच्या कारकुनापुढें येई, व त्यावर बोरूनें मोडी अक्षर धांवे. रियासतकार सरदेसाई यांनीं १९३० पासून १९३४ पर्यंत पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले. राजवाड्यांनीं त्यापूर्वीं गांवोगांवच्या वाड्यांतील माळे धुंडाळून बावीस खंडांची साधनें मिळविलीं. या सर्व उद्योगाच्या मुळाशीं असा टिकाऊ हातकागद होता. वाळवी, ओल व आपली बेपर्वाई एवढ्या शत्रूंना तोंड देऊन तो टिकला नसता, तर आपला इतिहास बखरींवरच राहिला असता.

हा कागद होई कसा, तें थोडक्यांत सांगतों. तागाचीं जुनीं गोणपाटें, दोर व चिंध्या यांचे बारीक तुकडे करून ते भिजवावयाचे, पायानें दाबून चालविण्याच्या जड लांकडी मुसळानें कुटावयाचे, चुन्यांत कांहीं दिवस मुरवावयाचे, आणि वाहत्या पाण्यांत धुवून पुन्हां कुटावयाचे. असें अनेक वेळां केल्यावर लगदा पांढरा होई. तो हौदांतील पाण्यांत ढवळून, कांठाशीं बसलेला कारागीर बारीक काड्यांचा विणलेला साचा त्यांत बुडवी व सपाट वर उचली. पाणी निथळून जाई, आणि साच्यावर एक पातळ थर राही; तोच ताव. असे ताव एकावर एक रचून दाबावयाचे, मग एकेक सोडवून गिलाव्याच्या भिंतीवर वाळत लावावयाचे, नंतर त्यांस खळ द्यावयाची, आणि शेवटीं फळीवर पसरून गुळगुळीत दगडानें घोटावयाचे. घोटल्यावांचून बोरू त्यावर सरळ चालत नसे. ओल्या हवेंत ताव भिंतीवर वाळत नाहीं, म्हणून पावसाळा हा या धंद्याचा वैरी. आणि शरदाचें ऊन हें त्याचें भाग्य.

आज शहरांतील वर्गांत जी कागद घडविण्याची क्रिया मनाच्या स्वास्थ्यासाठीं शिकविली जाते, ती हीच. साचा बुडवावा, उचलावा, पाणी निथळूं द्यावें. पुन्हां बुडवावा, पुन्हां उचलावा. या आवर्तनांत मन खरोखरच शांत होतें, याचा अनुभव आम्हींहि घेतला आहे. परंतु आमच्या वडिलांनीं सांगितलेली एक गोष्ट आम्हांस त्या वेळीं आठवल्यावांचून राहिली नाहीं. त्यांच्या तरुणपणीं त्यांच्या ओळखीचे एक वृद्ध कागदी होते. एकदां ते हौदाच्या कांठीं काम करीत असतां वडील बराच वेळ पाहत बसले आणि म्हणाले, "चाचा, तुमचें काम पाहून मन कसें निवतें! तुमचें चित्त नेहमींच स्वस्थ राहत असेल." म्हाताऱ्यानें चुन्यानें भेगाळलेले हात पुढें केले, आणि हंसून म्हटलें, "भाऊ, ताव विकला गेला म्हणजे माझें चित्त स्वस्थ होतें."

तो ताव पुढें विकला जाईनासा झाला. इंग्रजी अमदानींत विलायती कागद स्वस्त झाला. १८८५ च्या सुमारास पुण्याजवळ मुंढव्यास यंत्राची कागद-गिरणीहि निघाली. छापखान्यास सपाट, एकसारखा व स्वस्त कागद हवा असतो. हातकागदास त्याच्याशीं टक्कर देतां येणें शक्यच नव्हतें. सरकारी कचेऱ्यांनीं पाठ फिरविली, सावकारांच्या चोपड्यांनीं कांहीं काळ आधार दिला, आणि मग तोहि सुटला. गांधीजींनीं १९३४ सालीं वर्ध्यास ग्रामोद्योग संघ स्थापन केला, त्याच्या कार्यक्रमांत हातकागदास मानाचें स्थान मिळालें, आणि १९४० सालीं पुण्यास हातकागदाची संस्था निघाली. त्या प्रयत्नांनीं विद्या जिवंत राहिली, ही थोडी गोष्ट नव्हे. पण जुन्नरांतील कागद्यांच्या घराण्यांचें पूर्वींचें वैभव कांहीं परत आलें नाहीं.

आतां घरांत वळूं. बाजारासाठीं नव्हे, तर सणासाठीं व व्रतासाठीं केलेलें हातकाम पाहिलें कीं पहिल्या दोन प्रश्नांचें उत्तर मिळूं लागतें. हस्त नक्षत्र लागलें कीं पाटावर हत्ती काढून मुली भोंवतीं फेर धरीत. त्यासाठीं फळाफुलांच्या माळा ओंवण्यांत घरांतील मोठ्या बायका रंगून जात. वसुबारसेपासून अंगणांत शेणाच्या गवळणी मांडल्या जात. त्यांचे हात, घागरी, डोळे करतांना शेतांतून थकून आलेली बाईहि दोन घटका रमे. मुलें मातीचा किल्ला करीत, आणि शिवनेरीच्या पायथ्याशीं तरी त्या किल्ल्यास नमुना शोधावयास दूर जावें लागत नसे. १६३० सालीं जेथें शिवाजीमहाराजांचा जन्म झाला तो गड डोळ्यांसमोर, आणि हडसर, चावंड, जीवधन हे थोड्याच अंतरावर. किल्ला मुलांचा म्हणावयाचा. पण बुरूज कोठें हवा, दरवाजा कसा वळवावा, याविषयीं वडील, काका व शेजारी यांचाच वाद जास्त रंगे. तटावर अळीव पेरावा, तो उगवला कीं सर्वांस आनंद व्हावा, आणि दिवाळी संपल्यावर ती माती परत परसांत जावी.

यांतील बहुतेक वस्तु टिकविण्यासाठीं केलेल्याच नसतात, हें येथें लक्षांत घेण्यासारखें आहे. रांगोळी संध्याकाळपर्यंत पुसली जाते, गवळणी सुकून जातात, माळा कोमेजतात, किल्ला मोडतो. त्यामुळें वस्तु उत्तमच झाली पाहिजे असा धाक करणाऱ्याच्या मनावर राहत नाहीं. काम केव्हां संपवावयाचें तें ऋतूनें व पंचांगानें ठरवून दिलेलें असतें. आणि तें कोणासाठीं करावयाचें हेंहि ठरलेलें असतें: देवासाठीं, मुलांसाठीं, येणाऱ्या माहेरवाशिणीसाठीं. काम मर्यादित, त्याची गति सावकाश, आणि त्याचा धनी आपल्याहून निराळा. या तीन गोष्टी जमल्या म्हणजे हाताबरोबर मनहि सैल होतें, असें आम्हांस दिसतें.

याचें सर्वांत शुद्ध उदाहरण वाती वळण्याचें. आषाढांतील एकादशीपासून कार्तिकांतील एकादशीपर्यंत चातुर्मास. त्यांत लक्ष वातींचें व्रत पुष्कळ बायका घेत. एक लाख ही संख्या बोलावयास सोपी आहे. चातुर्मासाचे सुमारें १२० दिवस धरले, तर रोज आठशेंहून अधिक वाती वळाव्या लागतात. आमच्या घरीं आमच्या एका आत्याबाईंनीं हें व्रत घेतलें होतें. त्याच वर्षीं जेष्ठांत त्यांचा कर्ता मुलगा गेला होता, आणि त्या आमच्याकडे जुन्नरास राहावयास आल्या होत्या. त्या कोणाशीं बोलत नसत, आणि त्यांस झोंप येत नसे. आमच्या आजीनें कांहीं न बोलतां त्यांच्यापुढें कापसाची परडी ठेवली. पहिल्या पंधरवड्यांतील वाती जाड, बारीक, तुटक्या अशा होत. त्या आजीनें निराळ्या डब्यांत ठेवल्या, टाकल्या नाहींत. रात्रीं जाग आली तर अंधारांत त्यांचे हात चाललेले आम्हांस दिसत. शंभरशंभरांच्या जुड्या मोजण्याचें काम आम्हां मुलांकडे होतें, आणि "शंभर झाल्या का रे?" एवढेंच त्या दिवसभरांत आमच्याशीं बोलत. आश्विन आला तेव्हां त्यांच्या वाती सारख्या उतरूं लागल्या होत्या. त्रिपुरी पौर्णिमेस व्रताची सांगता झाली, तुपांत भिजविलेल्या जुड्या देवळांत पेटल्या, त्यांत त्या जाड वातीहि होत्या. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आत्याबाईंनीं आमच्या आईजवळ निवडावयास तांदूळ मागितले. त्यांचें दुःख गेलें, असें आम्ही म्हणणार नाहीं. तें अखेरपर्यंत त्यांच्याबरोबर होतें. पण तें वाहून नेण्याचें बळ त्यांच्या हातांनीं त्या चार महिन्यांत मिळविलें, याविषयीं आमच्या मनांत संशय नाहीं.

आंबेगांव तालुक्याकडे पाहिलें तर हाच अर्थ गोधडींत सांपडतो. ज्या गांवानें तालुक्यास नांव दिलें, तें जुनें आंबेगांव घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयाखालीं गेलें. जेथें घर राहत नाहीं, तेथें घरांतील माणसांच्या लुगड्या-धोतरांचे थर एकत्र शिवून केलेली गोधडी ही लहानशी वस्तु वाटत नाहीं. पावसाळ्याची ओल गेली कीं जुनें कापड धुवून उन्हांत टाकावें, आणि दोघीतिघींनीं चारी बाजूंनीं बसून धांवदोरा घालीत मध्यापर्यंत यावें, हें काम मावळांतल्या प्रत्येक वस्तींत बायका करीत आल्या आहेत. टांक्यांच्या जोडीनें बोलणें चालतें, आणि जें एकटीस सांगवत नाहीं तें तेथें सांगितलें जातें.

पाश्चात्त्य देशांत या अनुभवास शास्त्राचें रूप मिळालें तें पहिल्या महायुद्धाच्या सुमारास. १९१७ सालीं अमेरिकेंत न्यूयॉर्क संस्थानांतील क्लिफ्टन स्प्रिंग्ज येथें थोडी मंडळी जमली, आणि कामाच्या योगानें रोग्यास बरें करण्याच्या पद्धतीचा प्रसार करण्यासाठीं त्यांनीं संस्था काढली. युद्धांत अंगानें व मनानें जायबंदी झालेल्या शिपायांना विणकाम, भरतकाम, टोपल्या वळणें असलीं कामें देण्यांत येऊं लागलीं. आपल्याकडे ही विद्या रीतसर आणण्याचें श्रेय कमलाबाई निंबकर यांस आहे. त्या मूळच्या अमेरिकन, विवाहानें महाराष्ट्रीय. त्यांनीं १९५० सालीं मुंबईस परळच्या के. ई. एम. रुग्णालयांत या विषयाची पहिली शाळा सुरू केली. मनाचा आजार बळावला असेल तर वैद्याकडेच गेलें पाहिजे, केवळ परडीभर कापसानें तो हटत नाहीं, हेंहि त्या शास्त्रानें आपणांस शिकविलें. आमच्या आजीस शास्त्र ठाऊक नव्हतें. पण दुखावलेल्या माणसास रिकाम्या हातांनीं बसवूं नये, आणि त्याचीं पहिलीं वांकडीं कामें फेंकूं नयेत, एवढें तिला ठाऊक होतें.

आतां तिसरा प्रश्न. ज्या कामानें आपल्या मनास उसंत मिळते, त्याच कामावर ज्याचें पोट होतें, त्याच्या मनाचें काय झालें? वंसकारांच्या श्रेणीजवळ दानाचें द्रव्य ठेवलें जात होतें, तेव्हां त्यांच्या कामास पत होती, आणि कारागिरास उद्यांची काळजी थोडी कमी असावी. जुन्नरच्या कागद्याचा ताव कारकुनास हवा होता तोंवर त्याचेंहि चित्त ठिकाणावर होतें. गिऱ्हाईक गेलें, आणि भिंतीवरच्या तावाबरोबर त्याचें स्वास्थ्यहि गेलें. हाताची हालचाल तशीच राहिली असती, तरी तिनें त्यास विश्रांति दिली नसती. म्हणून हातकामांत कांहीं जादू आहे, कोणींहि तें करावें व सुखी व्हावें, असें जें सांगितलें जातें तें अर्धेंच खरें आहे. निर्वाहाची चिंता नसलेल्यास तें विसावा देतें. चिंता असलेल्यास आधीं त्याच्या मालाचें मोल मिळालें पाहिजे.

यावरून आपण हातकाम सोडून द्यावें, असें आम्ही सुचवीत नाहीं. उलट घरोघरीं तें वाढावें, अशीच आमची इच्छा आहे. फक्त त्याच्या जोडीनें एक लहानसा नियम पाळतां येण्यासारखा आहे. आकाशकंदिलाच्या कामट्या आपण घरीं तासूं, पण घरांतील सूप व टोपली बुरुडाकडून त्याच्या दरानें घेऊं. दिवाळीचें शुभेच्छापत्र हातानें लिहूं, आणि तें हातकागदाच्या तावावर लिहूं. आपल्या मनास मिळालेल्या उसंतीचा थोडा भाग जेथून ती विद्या आली तेथें परत जावा, एवढाच यांतील हेतु. आमच्या घरच्या जुन्या चोपडींतील एक कोरा ताव आम्हीं अजून जपून ठेवला आहे. उजेडासमोर धरला कीं त्यांत साच्याच्या काड्यांच्या रेघा दिसतात, आणि एका कोंपऱ्याशीं, ताव ओला असतांना उचलणाऱ्याचें बोट टेंकलें असावें, तशी एक पुसट खूण आहे.